क्लिनिकल रिसर्चची ऑनलाइन एमएस्सी: दापोलीतून पंधरा महिने

मी बीएएमएस. दापोलीहून हर्णै बंदराकडे जाताना लागणाऱ्या एका गावात अकरा वर्षं दवाखाना चालवते. गेल्या वर्षी क्लिनिकल रिसर्च (रुग्णांवरच्या उपचारांचं संशोधन) आणि इंटिग्रेटिव्ह मेडिसिन (आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांची सांगड) यांच्या दोन वर्षांच्या ऑनलाइन एमएस्सीला प्रवेश घेतला. आता तिसरं सेमिस्टर चालू आहे. फी भरण्याआधी मी असा सविस्तर अनुभव शोधत होते, मिळाला नाही. म्हणून लिहिते.

सुरुवात ज्या गोष्टीने मला हलवलं तिच्यापासून करते. आमच्याकडे आषाढात सांधे धरलेली माणसं रांगेने येतात. लावणीत दिवसभर चिखलात वाकायचं, वर पाऊस. मी गुग्गुळ, लेप, शेक सुरू करते आणि गणपतीपर्यंत बहुतेकांना उतार पडलेला असतो. हे मी इतकी वर्षं माझ्या औषधाचं यश समजत होते. पहिल्याच सेमिस्टरला 'रिग्रेशन टू द मीन' शिकवलं. माणूस दवाखान्यात येतो तोच मुळी दुखणं टोकाला गेल्यावर. त्यामुळे पुढच्या वेळी मोजलं तर काहीही न करता ते थोडं कमी भरण्याचीच शक्यता जास्त. त्यात लावणीही संपलेली. मग गुग्गुळाचा वाटा किती? त्या रात्री जुने केसपेपर काढून बसले. जवळजवळ प्रत्येकावर एकच शेरा: 'बरे वाटते'. किती बरं, कधीपासून, काही नाही. मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुखणं 0 ते 10 या पट्टीवर विचारायला लागले. एका आजींनी पट्टीकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "सोळा आणे होतं बाय, आता दहा आणे ऱ्हायलंय." किती आणे फरक, हे आपल्याकडचे डॉक्टर पूर्वीपासून विचारत आलेत. म्हणजे पट्टी घरातच होती, कोणी लिहून ठेवली नव्हती. मार्गदर्शक सरांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "तोच माणूस त्याच दुखण्याला अर्ध्या तासाने तेवढेच आणे सांगतो का?" तोच माझ्या प्रबंधाचा विषय झाला.

त्याला एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात रुग्णांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी घेताना मी सगळ्यात जास्त शिकले. प्रस्ताव दोनदा परत आला. पहिल्यांदा संमतीपत्रामुळे. अंगठा उठवणाऱ्या रुग्णासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि मी दवाखान्यात काम करणाऱ्या काकूंचं नाव दिलं होतं. माझ्याकडून पगार घेणारी बाई निःपक्ष कशी? बरोबरच होतं. दुसऱ्यांदा समितीतल्या सामान्य नागरिक म्हणून बसणाऱ्या सदस्याने विचारलं, दुखणाऱ्या माणसाला केवळ तुमच्या आकड्यासाठी अर्धा तास बाकावर बसवणार का? आता औषध बांधून होईपर्यंतचा वेळ मी त्यासाठी वापरते, आणि घाई असलेल्याला सोडते. नियमांच्या पुस्तकात अशा समितीत किमान 7 सदस्य लागतात, त्यात एक सामान्य नागरिक हवा, एवढं पाठ होतं. तो का हवा, ते त्या दिवशी कळलं.

मराठी संमतीपत्रं हा वेगळाच विषय आहे. 'यादृच्छिक विभागणी' असं छापलेला नमुना आम्हाला दिला होता. माझ्या रुग्णांपैकी कोणाला कळेल ते? "कोणाला कोणतं औषध ते चिठ्ठी टाकून ठरणार, मी ठरवणार नाही," असं म्हटलं की लगेच समजतं. हे मी असाइनमेंटमध्ये लिहिलं आणि मार्क मिळाले, पण नमुना बदलला नाही.

शोधनिबंध तपासायला शिकवणारा पेपर सर्वोत्तम. त्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला केलेली विंचूदंशाची चाचणी होती, 2011 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेली. 70 रुग्ण, दोन गट. एका गटाला नुसतं प्राझोसिन (मूळचं रक्तदाबावरचं औषध), दुसऱ्याला त्यासोबत प्रतिविष. दहा तासांत लक्षणं पूर्ण गेलेले पहिल्या गटात 35 पैकी 8, दुसऱ्यात 35 पैकी 32. कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना माहीत होतं, ही तिची कमजोर बाजू. तीही आम्हाला शोधायला लावली. कोकणात विंचवाची भीती काय असते हे मी लहानपणापासून बघितलंय. त्या भीतीवरचं उत्तर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून न येता महाडमधून आलं, हे वाचताना ऊर भरून आला.

इंटिग्रेटिव्ह मेडिसिनच्या भागाने मात्र निराश केलं. बहुतेक व्याख्यानं आयुर्वेदाच्या थोरवीची. थोरवी मला मान्यच आहे, ती ऐकायला मी फी भरली नव्हती. अपवाद एकच: आमवातावर कोइंबतूरला झालेली चाचणी. एका गटाला आयुर्वेद, एकाला मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं आधुनिक औषध, एकाला दोन्ही; आणि ज्याला जे नाही त्याला त्याच्यासारखं दिसणारं निष्क्रिय औषध, म्हणजे वैद्यालाही कळू नये. तिन्ही गटांत सुधारणा साधारण सारखी दिसली, पण रुग्ण फक्त 43. एवढ्याशा संख्येवरून तिन्ही उपचार सारखेच, असं म्हणता येत नाही. असं आणखी शिकवायला हवं होतं. 2021 साली मुंबईतून गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचा अहवाल आला, त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे कशावरून, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आमच्याकडे कुंपणाकुंपणावर गुळवेल आहे, लोक विचारतात. अभ्यासक्रमात त्यावर एक शब्द नाही.

संख्याशास्त्र जड गेलं. पण 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि रोज तासभर बसलं तर जमतं.

आता तक्रार. परीक्षा कॅमेऱ्यासमोर घरून द्यायची असते. जुलैत दुसऱ्या सेमिस्टरच्या पेपरला चाळीस मिनिटं उरली असताना लाईट गेली, पाठोपाठ रेंजही गेली. पेपर आपोआप बंद. पुन्हा द्यायचा तर वेगळे पैसे, आणि लाईट गेली होती याचा लेखी पुरावा द्या, असं उत्तर आलं. कोकणात पावसाळ्यात लाईट जाते याचा पुरावा! मी पैसे भरले, आणि पेपर दापोलीत नणंदेकडे जाऊन दिला, तिच्याकडे इन्व्हर्टर आहे. ज्यांना अशी नणंद नाही त्यांनी काय करायचं?

प्रवेश घेण्याआधी हे समजून घ्या. ही पदवी म्हणजे एमडी आयुर्वेद नाही, तिने तुमचे उपचाराचे अधिकार वाढत नाहीत. विद्यापीठाला ऑनलाइन पदवीसाठी यूजीसीची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा. नोकरीसाठी करत असाल तर कामं प्रामुख्याने मुंबई-पुण्याकडे आहेत, गाव सोडायची तयारी ठेवा. आणि प्रवेश विभागाला दोनच गोष्टी मागा: संख्याशास्त्राचं एक पूर्ण व्याख्यान बघायला, आणि परीक्षेत लाईट गेली तर काय, याचा लेखी नियम.

माझ्या वहीत आजवर 38 जणांचे आणे झालेत. त्या आजी परवा पुन्हा आल्या होत्या. अर्ध्या तासाने विचारलं तर म्हणाल्या, "तेवढंच, बाय. मघाशीच सांगितलं ना?"