सिनेमा वाईट होता, की दिवसातला चौथा होता?

महोत्सवात पाहिलेल्या सिनेमांबद्दलच्या माझ्या मतांवर माझाच पुरता विश्वास नाही. त्याला कारण माझी वही. 2023च्या अखेरीस आईला घेऊन एका आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे चार दिवस केले आणि प्रत्येक सिनेमाच्या नावापुढे तो दिवसातला कितवा खेळ, हेही लिहीत गेले. आता वही चाळली तर सकाळच्या पहिल्या खेळाला पाहिलेलं सगळं थोर आहे आणि चौथ्या खेळाचं एकही पान धड नाही. तेव्हा पुढचं वाचताना खेळाचा आकडा आधी बघा.

पहिला खेळ, ‘पर्फेक्ट डेज’. विम वेंडर्सच्या या सिनेमातला हिरायामा टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करतो. कोजी याकुशोला याच भूमिकेसाठी फ्रान्समधल्या कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. आई निवृत्त शिक्षिका. सबटायटल वाचायच्या नादात माणसांची तोंडं बघायची राहतात, ही तिची कायमची तक्रार. इथे नायक बोलतच नाही फारसा, त्यामुळे बाई खूश. छोटा आरसा धरून तो भांड्याची खालची, कुणाला कधी दिसणार नाही अशी बाजू तपासतो, तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, “हा खरा काम करणारा.” मलाही आवडला. झाडांचे फोटो काढतो, धुऊन आणतो, नको ते फाडून टाकतो आणि उरलेले डब्यात जपून ठेवतो, तो प्रसंग तर फारच. पण वेंडर्सला मुळात त्या नव्या, नामांकित वास्तुरचनाकारांनी बांधलेल्या स्वच्छतागृहांवर लघुपट करायला बोलावलं होतं. हे कळल्यावर ती स्वच्छतागृहं इतकी चकचकीत का, याचा उलगडा झाला. कष्टाचं काम दाखवायचं आणि घाण मात्र दाखवायची नाही. सकाळी ताज्या डोक्याने मी हे माफ केलं. चौथ्या खेळाला केलं नसतं.

दुसरा खेळ, ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’. याचं परीक्षण सिनेमाचं करू की थिएटरचं, हेच कळत नाही. जोनाथन ग्लेझरचा हा सिनेमा काळ्या पडद्याने सुरू होतो. नुसतं संगीत, चित्र नाही, आणि तेही बराच वेळ. आमच्या मागून कुणीतरी खणखणीत आवाजात “प्रोजेक्टर बंद पडलाय!” म्हणून ओरडलं. दोघं-तिघं उठून दाराकडे निघाले आणि तेवढ्यात पडद्यावर नदीकाठची सहल उजाडली. ते बिचारे वाकून-वाकून परत जागेवर.

पण खरी गंमत, गंमत म्हणू नये खरं तर, पुढेच होती. ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या कमांडंटचं घर छावणीच्या भिंतीला लागून. अलीकडे त्याच्या बायकोची बाग, मुलं, पोहायचं टाकं. पलीकडचं जवळजवळ काहीच दाखवत नाहीत, सगळं ऐकवतात: गोळ्या, आरोळ्या, एक न थांबणारी घरघर. या ध्वनीला पुढे ऑस्कर मिळालं. आणि आमच्या थिएटरची भिंत अशी पातळ, की शेजारच्या पडद्यावरची धडधड सरळ आत येत होती. पहिली वीस मिनिटं मी चिडून बसले. मग एका प्रसंगात लांब कुठेतरी काहीतरी धाडकन झालं आणि हे छावणीतलं की शेजारच्या पडद्यावरचं, ते ठरवता येईना. तेवढ्यात लक्षात आलं, गेली काही मिनिटं मी ते आवाज ऐकायचंच सोडून दिलंय. सवय झाली होती. त्या घरातल्या लोकांसारखीच. थिएटरवाल्यांचे आभार मानणार नाही, आवाजाचा बंदोबस्त त्यांनी करायलाच हवा. पण नंतर घरी हेडफोन लावून हाच सिनेमा पाहिला तेव्हा ती लाज पुन्हा वाटली नाही, हेही खरं.

आईला आवाजांपेक्षा फरकोट लक्षात राहिला. सांड्रा ह्युलरने केलेली ती बायको कुणाचा तरी काढून घेतलेला कोट आरशापुढे घालून बघते, खिशात लिपस्टिक सापडते, तीही लावून बघते. “दुसऱ्या बाईची वापरलेली,” एवढंच आई म्हणाली आणि बाहेर येईपर्यंत गप्प होती. ह्युलरचाच ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ मात्र हुकला. तासभर रांगेत उभ्या होतो, पुढे पंधरा माणसं उरली असताना दार बंद. हातात पास असूनही!

तिसरा खेळ, ‘अबाउट ड्राय ग्रासेस’. 197 मिनिटं. दिग्दर्शक नूरी बिल्गे जेलान. बर्फात रुतलेलं तुर्कस्तानातल्या अनातोलियातलं गाव आणि तिथून बदली कधी होईल याची वाट बघणारा चित्रकलेचा मास्तर, सामेत. लाडक्या विद्यार्थिनीला तो छोटा आरसा भेट देतो (दिवसातला दुसरा छोटा आरसा, महोत्सवात सिनेमे असे एकमेकांत मिसळतात). मग दप्तरं तपासली जातात, तिचं पत्र सापडतं. ती ते परत मागते, तर हा फाडून टाकलं म्हणून खोटं सांगतो. इथे आई खुर्चीत सरसावून बसली. “देऊन टाक ना मेल्या,” अगदी स्पष्ट. शेजारचे गृहस्थ वळून बघायला लागले. तिच्या मते सिनेमा तिथेच संपला. पुढचे दोन तास म्हणजे स्वतःच्या चुकीला तत्त्वज्ञानाचे कपडे चढवणारा मास्तर, आणि असे तिने स्टाफरूममध्ये भरपूर पाहिलेत. मला उलट जेवणाच्या टेबलावरचा लांबलचक वाद भारी वाटला. मर्वे दिझदारची नुराय एका स्फोटात पाय गमावलेली, आणि सामेतच्या हुशारीला ती जराही बधत नाही. तिलाही कानमध्ये पारितोषिक मिळालं, आणि ते योग्यच. पण सव्वातीन तासांऐवजी अडीच तासांत भागलं असतं, असं वहीत लिहिलंय. ते माझं मत की माझ्या कमरेचं, सांगता येत नाही.

चौथा खेळ, आकी कौरिस्माकीचा ‘फॉलन लीव्ज’. जेमतेम 81 मिनिटांचा, आणि त्यातली निम्मी मी झोपले. वहीत तीन ओळी आहेत. तिसरी ओळ पानाच्या कडेपर्यंत घसरत गेलीय आणि मलाच लागत नाही. परतताना आईने राहिलेली गोष्ट सांगितली. ती एकटी राहणारी बाई, घरात एकाच माणसापुरती भांडी. तो जेवायला येणार म्हणून ती आणखी एक ताटली, काटा आणि सुरी विकत आणते. मग तो पितो यावरून बिनसतं आणि ती ते सगळं कचऱ्यात टाकून देते. आईने ती ताटली, ते दुकान, ते टाकणं असं सावकाश सांगितलं, उतरायची वेळ आली तरी तिचं संपलं नव्हतं. पुढे कधीतरी मी सिनेमा जागेपणी पाहिला. ताटलीचा प्रसंग आला आणि मी नीट बसेपर्यंत गेलासुद्धा.