कमरेचा कसा, चोरखिसा की हॉटेलची तिजोरी?

सौंदत्तीला यल्लमाच्या जत्रेत जाऊन आलेल्याला पाकीटमार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आमच्या आजीची पद्धत ठरलेली होती. बशीच्या तिकिटाचे सुटे पैसे पदराच्या गाठीत, बाकीचे चोळीतल्या बटव्यात, आणि डोंगर उतरेपर्यंत बटव्याला हात लावायचा नाही. गर्दीत नारळ घ्यायला बटवा काढला की कुणीतरी बघतंच, असं ती म्हणायची.

परवा टिळकवाडीतले आमचे शेजारी काका-काकू विचारायला आले तेव्हा हे आठवलं. ते ग्रुप टूरनं पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम करणार आहेत, दहा-बारा दिवस. काकांनी मोबाईलवर तीन वस्तू निवडून ठेवल्या होत्या: कमरेचा पट्टा, गळ्यात अडकवायची पिशवी आणि चोरांना कापता येणार नाही असा दावा करणारी सॅक. "यातलं कुठलं घेऊ सांगा की." त्याच आठवड्यात खानापूरच्या भाचीचा फोन आला. ती कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला चार दिवस आणि पुढं दोन दिवस बँकॉकला चाललीय. प्रश्न तोच होता, पण दोघांना एकच उत्तर देता आलं नाही.

आधी युरोपातल्या चोराबद्दल. तो बहुतेक वेळा चाकू दाखवत नाही, अंगावर येत नाही. तुमचं लक्ष दुसरीकडं वळवतो आणि तेवढ्यात त्याचा साथीदार काम उरकतो. पॅरिसमध्ये साक्रे-केरच्या पायऱ्यांवर एखादा हसत हसत बोटाला दोरा गुंडाळायला लागतो. सीन नदीच्या काठी कुणी "तुमची अंगठी पडली का?" म्हणून पितळी अंगठी पुढं करतो. तरुण पोरी कागद लावलेली पाटी घेऊन सही मागतात, आणि पाटीखाली तुमच्या पर्समध्ये काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. लूव्र संग्रहालयात या टोळ्यांचा त्रास इतका वाढला की एप्रिल 2013 मध्ये कर्मचाऱ्यांनीच काम बंद ठेवलं आणि संग्रहालय एक दिवस उघडलं नाही. रोममध्ये तेर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडं जाणारी 64 नंबरची बस यासाठीच बदनाम आहे. बार्सिलोनात खुर्चीच्या पाठीला अडकवलेली पर्स जेवण संपेपर्यंत तिथं असेलच असं नाही. लंडनमध्ये इलेक्ट्रिक सायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावून नेतात.

म्हणून मी प्रत्येक पर्यायाला आजीचीच परीक्षा लावतो: ही वस्तू रस्त्यात उघडावी लागते का?

काकांनी निवडलेला कमरेचा पट्टा म्हणजे आपला जुना कसाच, फक्त झिप लावलेला. शर्टाच्या आत, कातडीला लागून बांधला तर सगळ्यात पक्का. पण माणसं त्यात पासपोर्टबरोबर रोजच्या खर्चाच्या नोटाही कोंबतात, आणि मग आईस्क्रीमच्या गाड्यासमोर शर्ट वर करून नोटा काढताना दिसतात. एकदा असं झालं की कसा बांधून उपयोग काय? उन्हाळ्यात घामानं पासपोर्ट ओला होतो, तेव्हा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा. विमानतळावर तपासणीला पट्टा सोडून ट्रेमध्ये ठेवायला लावतात. तो तिथंच विसरणारे मी दोघं बघितलेत. साडी नेसणाऱ्या काकूंना परकराच्या आत हा पट्टा छान बसतो, पण स्वच्छतागृहात तो सोडताना विसरायची तीच अडचण. तिकडं बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहाला पैसे पडतात, तेव्हा युरोची सुटी नाणी बाहेरच्या खिशात वेगळी हवीतच.

गळ्यातली पिशवी मला पटत नाही. मानेवर दोरी दिसते आणि काय कुठं आहे ते सगळ्यांना कळतं. कापता न येणारी सॅक पाठीवर असते. ती कापायची गरजच पडत नाही, झिप उघडली की झालं.

चोरखिसा मात्र मला मनापासून आवडतो, आणि तो विकत घ्यायची गरज नाही. आमच्या वडिलांच्या बंडीला आतून असायचा. बाजाराच्या दिवशी त्यात पैसे असायचे आणि वरच्या खिशात तंबाखू. शहापुरातल्या नेहमीच्या शिंप्याला पँटच्या कमरपट्टीखाली आतून झिपवाला खिसा लावायला सांगायचं. पासपोर्ट साधारण पाच इंच बाय साडेतीन इंच असतो, म्हणून खिसा सहा बाय साडेचार ठेवायला सांगा, नाहीतर कोपरे दुमडतात. सलवारीला नेफ्याखाली तसाच लावता येतो. बाहेरून काही दिसत नाही, बांधायचं-सोडायचं काम नाही, विमानतळावर तपासणीआधी फक्त पासपोर्ट काढला की झालं. दोष एकच. रात्री पँट बदलली आणि पासपोर्ट जुन्या पँटीतच राहिला, तर सकाळी लॉबीत धावपळ. त्यामुळं एक नाही, दोन-तीन पँटींना खिसे लावून घ्या आणि झोपण्याआधी पासपोर्ट उद्याच्या पँटीत घाला.

तिरकी पिशवी, म्हणजे स्लिंग बॅग, वाईट नाही. रोजच्या खर्चाला तीच बरी, पण पासपोर्टसाठी नाही. आमच्या घरचाच अनुभव सांगतो. रोममध्ये बशीत चढताना हिच्या पिशवीची बाजू पुढून सरकून मागं गेली. तीन स्टॉपनंतर उतरलो तेव्हा झिप उघडी आणि साठ युरो गेलेले. धक्का लागला तेव्हा आम्ही दोघंही दार बंद होतंय का ते बघत होतो. पासपोर्ट माझ्या चोरखिशात होता, म्हणून संध्याकाळी जेवता तरी आलं.

पासपोर्टवर माझा एवढा भर का? पैसे गेले तर घरून येतात. पासपोर्ट गेला की आधी पोलिसात तक्रार, मग त्या देशातली भारतीय वकिलात. तिथं तातडीचा दाखला मिळतो, पण तो एकदाच, भारतात परत यायला चालतो. व्हिसाही त्याच पासपोर्टवर होता, तोही गेला. म्हणजे उरलेली सहल बुडालीच म्हणायची. पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स, दोन फोटो आणि घरच्यांचे फोन नंबर कागदावर लिहून पासपोर्टपासून लांब, मोठ्या बॅगेत ठेवा. विमा घेतला असेल तर पोलिसांच्या तक्रारीची प्रत मागून घ्या, ती नसेल तर विमा कंपनी पुढं ऐकून घेत नाही. युरोपात कुठंही 112 लावा.

आता हॉटेलची तिजोरी. कपाटातली ती छोटी पेटी फार भक्कम नसते, हॉटेलवाल्यांकडं ती उघडायची सोय असतेच. तरी चांगल्या हॉटेलातली तिजोरी गर्दीच्या बशीपेक्षा कितीतरी बरी. पण काकांच्या टूरला तिचा उपयोग कमी. दर एक-दोन रात्रींना हॉटेल बदलतं, सकाळी साडेसहाला बॅगा खाली, आणि पासपोर्ट तिजोरीत ठेवून बस पुढच्या देशाच्या वाटेला लागते. वापरायचीच असेल तर उद्या घालायचा एक बूट पासपोर्टबरोबर तिजोरीत ठेवा. एका पायात बूट घालून कुणी नाश्त्याला जात नाही. भाचीचं गणित उलटं आहे. सिंगापुरात एकाच हॉटेलात चार रात्री, म्हणून पासपोर्ट तिजोरीत आणि झेरॉक्स पर्समध्ये. (पुढंमागं कुणी जपानला जाणार असेल तर तिथं पर्यटकानं मूळ पासपोर्ट जवळ बाळगावा असा कायदाच आहे. तिथं तिजोरी विसरा.)

भाचीच्या बाबतीत खरा धोका खिशाचा नाहीच. सिंगापूरमध्ये चोऱ्या कमी, पण तिथले पोलीसच बजावत असतात की गुन्हे कमी म्हणजे गुन्हे नाहीतच असं नव्हे. बँकॉकमध्ये राजवाड्याबाहेर नीटनेटके कपडे घातलेला एखादा सभ्य माणूस सांगतो, आज राजवाडा बंद आहे, तोवर हा टुकटुकवाला तुम्हाला स्वस्तात दुसरी देवळं दाखवेल. गाडी जाते रत्नांच्या दुकानात. इथं कसा असो की चोरखिसा, आपणच तो उघडून पैसे देतो. राजवाडा सहसा रोज उघडा असतो, दाराशी स्वतः जाऊन बघायचं. भांडण झालं तर पर्यटक पोलिसांचा नंबर 1155.

पैशाच्या रूपाबद्दल थोडक्यात. परकीय चलनाच्या नोटा एका दौऱ्याला 3000 डॉलरपर्यंत नेता येतात, पण म्हणून तेवढ्या नेऊ नका. चोरीला गेलेली नोट परत येत नाही. दोन दिवसांच्या खर्चाची रोकड पुरे, तीही दोन-तीन ठिकाणी वाटून. फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परकीय चलन भरून न्यायच्या कार्डावर, जेवढे भरलेत तेवढेच जाऊ शकतात, घरून मुलगा परत भरू शकतो, आणि दुसरं कार्ड मिळत असेल तर ते बॅगेत ठेवावं. काकांसाठी मी हेच म्हणेन. क्रेडिट कार्ड फक्त अडीनडीला. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळं परदेशी वापर आपण अॅपमधून चालू-बंद करू शकतो आणि मर्यादा ठरवू शकतो. बऱ्याच परदेशी वेबसाइटवर आपल्या कार्डाला ओटीपी विचारतच नाहीत, म्हणून परदेशी ऑनलाइन व्यवहार बंदच ठेवा, दुकानातला तेवढा चालू. कार्ड गेलं तर लगेच ब्लॉक करा. पिन तुमच्याच हलगर्जीनं गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. काकांनी पिन कार्डाच्याच पाकिटावर पेन्सिलीनं लिहिला होता. तो माझ्यासमोर खोडला.

आणि फोन. आज पाकिटापेक्षा चोराला तोच जास्त हवाय, आणि आपण तो हातात धरून रस्त्याच्या कडेला नकाशा बघत उभे राहतो. नकाशा बघायचा तर दुकानाच्या आत किंवा भिंतीला पाठ लावून. ओटीपी येणारं भारतातलं सिम जुन्या फोनमध्ये घालून तो खोलीवर ठेवा, फिरायच्या फोनमध्ये परदेशी सिम. फिरायचा फोन गेला तरी आपल्यासाठी बँकेचं दार उघडं राहतं. आयफेल टॉवरची तिकिटं 2024 पासून यूपीआयनं काढता येतात हे ऐकून काका खूश झाले, पण सगळ्या पॅरिसमध्ये तसं नाही, म्हणून त्या भरवशावर जाऊ नका.

दागिन्यांवरून काकूंशी जरा वाद झाला. मंगळसूत्र काढायला त्या तयार नव्हत्या. शेवटी काळ्या मण्यांची साधी पोत घालायची आणि सोन्याच्या पाटल्या लॉकरमध्ये, असं ठरलं.

तर काकांनी तिन्ही वस्तू रद्द केल्या. दोन पँटी शिंप्याकडं गेल्यात, काकूंसाठी कसा शिवायला टाकलाय. विमानात घालायची तिसरी पँट आहे तशीच राहिली होती. ती कालच नेऊन दिली, कारण मुंबईच्या विमानतळापासून पासपोर्ट तिच्यातच असणार आहे.