जैसलमेरला जाताय? ‘सगळं धरून’ या शब्दाला भुलू नका

आमच्या तालुक्यातल्या १४ जणांनी डिसेंबरात जैसलमेरच्या वाळूतला मुक्काम ठरवला. माणशी १,५०० रुपये, ‘सगळं धरून’. निम्मे, म्हणजे १०,५०० रुपये, फोनवरच आधी घेतले. कापसाच्या चुकाऱ्यातला पैसा होता तो. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत तंबूच्या दाराशीच वाळूची टेकडी होती. उतरवलं मात्र सम या वाळूच्या टेकड्यांच्या गावाच्या बरंच अलीकडे. खडी, काटेरी झुडपं, वाळू कुठेच नाही.

मेख अंतरात आहे. सम शहरापासून सुमारे ४० किलोमीटर. त्याच रस्त्यावर अलीकडे कनोईच्या बाजूलाही तंबू आहेत, तेही ‘सम’ म्हणूनच विकले जातात. तिथून टेकड्यांवर जायला जीप लागते आणि ‘जीप यात नाही’ हे सांगतात सूर्य बुडायला तासभर उरल्यावर. घासाघीस करायला वेळच राहत नाही. उंटाचंही तेच. दहा मिनिटांत फेरी संपते, पुढच्या टेकडीचे पैसे वेगळे. रात्री थंडी कडक पडते, तेव्हा जादा रजईलाही पैसे मागितले.

शेताच्या सौद्यात इसारचिठ्ठीवर चतुःसीमा लिहिल्याशिवाय आपण पैसा सोडत नाही ना? मग इथेही लिहून घ्या: कॅम्पचं नाव, वाळूपासून अंतर, उंटावर किती मिनिटं आणि एका उंटावर किती माणसं, जीप धरून की वेगळी, जेवण किती वेळा. जागेचं लोकेशन मागवून समच्या टेकड्यांपासून अंतर स्वतः मोजा. टाळाटाळ झाली तर तिथेच सोडा.

किल्ल्याबद्दलही एक सांगतो. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेल्या या किल्ल्यात आजही लोक राहतात. वेशीतून आत जायला तिकीट नाही. तिकीट आतल्या राजवाड्याच्या संग्रहालयाला लागतं, तेही तिथल्याच खिडकीवर. खाली रिक्षाजवळ कुणी ‘किल्ल्याचं तिकीट’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

सगळ्यात वाईट प्रकार परतीनंतरचा. तक्रार केली की ‘रिफंड पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका’ असा फोन येतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. चुकून गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा.