निराशेच्या काळासाठी एक श्राव्य मननमालिका: परीक्षण

खचलेल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी तयार होणाऱ्या बऱ्याच मननमालिका पहिल्याच भागात आनंद करण्याचा आग्रह धरतात. पण ज्याला प्रार्थनेसाठी शब्दही सुचत नाहीत, त्याला तो आग्रह ऐकवत नाही. मोबाइल अ‍ॅपवरची ही चार आठवड्यांची श्राव्य मालिका ती घाई करत नाही, आणि याच कारणाने ती मला मोलाची वाटते.

आरंभ बायबलमधील एलीयापासून होतो (1 राजे 19). कर्मेल डोंगरावरील विजयानंतर लगेचच ईजबेल राणीच्या धमकीने भ्यालेला हा संदेष्टा अरण्यात झुडपाखाली बसून मरण मागतो. निवेदक येथे थांबून दाखवून देतात की देव त्याला दोष देत नाही. दूत त्याला दोन वेळा खाऊ घालतो, मध्ये झोपू देतो, आणि ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न होरेब डोंगरापर्यंतच्या चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतरच येतो. थकलेल्या शरीराची दखल घेणारे इतके संयत विवेचन मी क्वचितच ऐकले आहे.

दुसरा आठवडा सर्वांत समृद्ध आहे. स्तोत्र 88 अंधारातच संपते आणि मालिकाही त्याला सांत्वनाची पुरवणी जोडत नाही. प्रार्थना अशीही असू शकते एवढेच सांगून ती वाचनानंतर काही क्षण शांतता ठेवते. विलापगीत या पुस्तकाचे भाग यरुशलेमेच्या इ. स. पू. 586 मधील विध्वंसाच्या पार्श्वभूमीवर उलगडतात. तिसऱ्या अध्यायाच्या 66 ओव्यांत परमेश्वराच्या रोज सकाळी नव्या होणाऱ्या दयेचे स्मरण शेवटी येत नाही, त्यानंतरही विलाप सुरूच राहतो, ही गोष्ट येथे नेमकी पकडली आहे. आशा धरणारा माणूस पुन्हा रडला म्हणजे त्याचा विश्वास संपला, असे समजणाऱ्या प्रत्येकाने हे भाग ऐकावेत.

तिसऱ्या आठवड्यात मात्र मालिका कमी पडते. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील संकट, धीर, शील आणि आशा ही साखळी समजावताना सगळा भर माणसाच्या चिकाटीवर जातो. पवित्र आत्म्याच्या द्वारे अंतःकरणात ओतलेली देवाची प्रीती, जिच्यावर ती आशा उभी आहे, एका वाक्यात आटोपली जाते. त्याहून मोठी उणीव म्हणजे मंडळीचा, म्हणजे इतर विश्वासणाऱ्यांच्या सोबतीचा, अभाव. एलीयाला देवाने सात हजार विश्वासू लोक उरल्याचे सांगितले आणि अलीशासारखा सोबती दिला. जगण्याचीही आशा सोडलेल्या प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीच्या प्रार्थनेचा आधार मागितला, आणि पुढे देवाने आपले सांत्वन सहकारी तीताच्या येण्याने केले असे लिहिले. ही स्थळे हाताशी असताना श्रोत्याला एकट्यानेच ऐकत राहायला लावणे मला खटकते. शेवटचा आठवडा पुनरुत्थानाविषयी आहे. तो प्रामाणिक असला तरी काहीसा घाईत उरकला आहे.

निवेदनाचा आवाज संथ आणि स्वच्छ आहे. दीर्घकाळ झोप उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाणे हा अविश्वास नव्हे, हे आरंभीच स्पष्ट सांगितले आहे, त्याबद्दल निर्मात्यांचे आभार मानले पाहिजेत. एखादा दिवस चुकला की येणारी ‘तुम्ही मागे पडलात’ ही सूचना मात्र सेटिंगमध्ये जाऊन आधीच बंद करावी. पहिले दोन आठवडे मी निःसंकोच सुचवीन. तिसरा आठवडा पाळकांबरोबर किंवा एखाद्या विश्वासू मित्राबरोबर बसून ऐकावा आणि प्रत्येक भागानंतर एकमेकांसाठी प्रार्थना करावी.