पंधरा वर्षांची ट्रॅव्हलर, कॅम्पर म्हणून: इंजिन नंतर, आधी पत्रा

शाळेच्या, टूरच्या नाहीतर अॅम्ब्युलन्सच्या नोकरीतून सुटलेली टेंपो ट्रॅव्हलर घ्यायची, मागे पलंग आणि ओटा बसवायचा आणि कोकणात निघायचं, असा बेत आता बरेच जण करतात. गाडी त्या लायकीची आहेच. १९८७ साली बजाज टेंपोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवरून ती आणली. उंच छताच्या मॉडेलात आत ताठ उभं राहता येतं आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात. पण घेणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, मान डोलावतो आणि बयाणा देऊन मोकळा होतो. तिथेच गणित चुकतं.

जुन्या गाड्यांतलं ओएम ६१६ हे इंजिन २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं, टायमिंग चेन आणि इनलाइन डिझेल पंपाचं. मर्सिडीज २४०डीमध्ये, म्हणजे एकेकाळी अर्ध्या जगाची टॅक्सी असलेल्या मोटारीत, हेच होतं. टर्बो नसलेल्या गाडीला ताकद बेताचीच, त्यामुळे घाटात मागच्यांचे हॉर्न ऐकायची सवय करावी लागते. पण हे इंजिन दुरुस्त होतं, आणि ते उघडू शकणारे हात महाराष्ट्रात भरपूर आहेत. म्हणून इंजिनावर अर्धा तास पुरे.

गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघायला जा. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. गार इंजिन खूप वेळ फिरवावं लागलं आणि कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर आला, तर आधी हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन सुरू करताना आत ऊब देणारे प्लग, तपासा. चांगल्या प्लगचा रोध मल्टिमीटरवर एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसतो, जळालेला काहीच दाखवत नाही. प्लग ठीक असतील तर टॅपेट, म्हणजे वॉल्व्हच्या यंत्रणेतलं बारीक अंतर, बघा. ते गार इंजिनावर इनटेकला ०.१० मिमी आणि एक्झॉस्टला ०.३० मिमी लागतं. वापरात हे अंतर हळूहळू कमी होतं, वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन पडतं. ‘इंजिन बसलंय’ म्हणून स्वस्तात निघालेली गाडी कधीकधी दोन तासांच्या टॅपेट सेटिंगवर सुधारते. घासाघीस करताना हे स्वतःजवळच ठेवा.

दुसरी परीक्षा तेलाच्या झाकणाची. इंजिन गरम, आयडलवर. झाकण सोडवून भोकावर उलटं ठेवा. जागच्या जागी थरथरलं तर ठीक. उड्या मारून खाली पडलं तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर दमलेत असं समजा.

तिसरी थर्मोस्टॅटची. ‘घाटात तापते, थर्मोस्टॅट काढून टाकला’ हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. या इंजिनात तो उपाय उलटा पडतो. इथला थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाण्याची वाट उघडणारी झडप, रेडिएटरची वाट उघडतानाच बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो, थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरत राहतं आणि चढावर गाडी आणखी तापते. नवा बसवा. तरी तापली तर रेडिएटरच्या जाळीतली माती, फॅनचा पट्टा आणि वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), या क्रमाने जा.

आता पत्रा. खरा पैसा इथे जातो, आणि विकणारा इथेच रंग मारून ठेवतो. पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे, छताच्या कडेची पन्हळ, फूटबोर्ड, मागच्या चाकांवरचे कमानी पत्रे, दारांच्या खालच्या कडा आणि छतात एसीसाठी किंवा हवेसाठी पाडलेलं भोक, एवढ्या जागा नखाने टोकरून बघा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग फरशीवरची रबरी मॅट उचलायला सांगा. मालकाने नाही म्हटलं तर उत्तर मिळालं. मॅट आणि प्लायच्या मध्ये साचलेलं पाणी बाहेर पडत नाही. वरून फरशी कोरडी दिसते आणि खाली पत्रा पापडासारखा झालेला असतो. समुद्राकाठी फिरलेल्या गाडीला हे दुप्पट लागू.

गळती शोधायची असेल तर पाइपने पाणी मारा, पण खालून वर. आधी दहा मिनिटं दारांच्या खालच्या भागावर, मग काचांवर, शेवटी छतावर, आणि आत एक जण बॅटरी घेऊन बसलेला. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच पाणी येतं आणि कुठून शिरतं ते कळत नाही.

गंज चमकत्या धातूपर्यंत कापून काढायचा, साधारण १८ गेजचा पत्रा वेल्ड करायचा, झिंक प्रायमर, सांध्यात पीयू सीलंट, रंग, आणि आतल्या पोकळीत मेणाचा फवारा. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा. पॉप रिव्हेट मारून वर सिलिकॉन फासलेलं काम घेऊ नका. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं. उघड्या लोखंडाला ते गंजवतं आणि त्यावर रंगही बसत नाही. बाथरूमच्या टाइल्सची ट्यूब गाडीत मारणारे कारागीर आहेत. ट्यूबवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

हे सगळं झाल्याशिवाय आतलं फर्निचर सुरू करू नका. इन्सुलेशनला रॉकवूल किंवा ग्लासवूल नको. ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून कुजवतं. एसीच्या डक्टला लावतात तो बंद पेशींचा नायट्राइल फोम पत्र्याला सलग चिकटवा. आत दोन माणसं झोपली की रात्रीत श्वासातून अर्धा-एक लिटर पाणी हवेत मिसळतं, म्हणून छतावर एक व्हेंट हवाच, तोही पावसात उघडा ठेवता येईल असा.

वजनाचा हिशेब फार कमी जण करतात. १८ मिमी प्लायचा ८ बाय ४ चा एक ताव ३० किलोच्या पुढे जातो, १२ मिमीचा २० ते २३ किलो. किचनच्या सुताराकडून काम करून घेतलं की सगळीकडे १८ मिमी आणि वर सनमायका. तसे आठ ताव म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास. गाडीत पलंगाला १२ आणि कपाटांना ९ मिमी पुरतो, जोडाला खिळ्यांऐवजी स्क्रू आणि गोंद. ८० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे ८० किलो; ती मागच्या टोकाला टांगली तर पुढचा भार हलका होतो आणि स्टिअरिंग तरंगतं. दोन अॅक्सलच्या मध्ये ठेवा.

जुन्या ट्रॅव्हलरला पुढे रिजिड अॅक्सल आणि पाटे, म्हणजे किंग पिन, ज्यांवर पुढची चाकं वळतात, त्या आल्याच. चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला की कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, तरीही राहिला तर किंग पिन. ग्रीस प्रत्येक निपलमधून जुनं बाहेर येईपर्यंत भरायचं. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा: २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी ओढतं आणि आंबोलीसारख्या लांब उतारावर ते पाणी उकळून पेडल खाली जातं.

विजेत घोळ होतो तो तारेच्या जाडीत. गाडीच्या बॅटरीपासून मागच्या, म्हणजे दिवे-फ्रिजसाठीच्या वेगळ्या बॅटरीपर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. २० अँपिअरला ४ चौरस मिमी तारेत जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच जातात, १० चौरस मिमीत ०.३५. मागे १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी ठेवणार असाल तर साध्या रिलेने जोडू नका. ती जुन्या अल्टरनेटरकडून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढते आणि तो जळतो. मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, आणि दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरात फ्यूज. छतावर २०० वॅटचं पॅनेल हिवाळ्यात छोटा फ्रिज आणि दिवे चालवतं. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नका.

५ किलोचा सिलिंडर ठेवणार असाल तर कप्प्याला फरशीतून दोन इंचाचं उघडं भोक हवं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड आहे आणि खाली साचतो. मॅट टाकताना हेच भोक झाकलं जातं.

कागदांत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा: नोंदणीपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय चालत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या अशा गाडीसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे. पिवळ्या पाटीची गाडी पांढरी करून घ्यायची असेल तर परमिट रद्द आणि कर्जाची नोंद उतरवलेली आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, ती पुढे ५ वर्षांसाठी मिळते, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्लीकडे जायचं असेल तर १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांचे तिथले नियम निघण्याआधी ताजे बघा, ते बदलत असतात.

गाडीत कायम ठेवायचं ते थोडकं आहे: फॅनचा पट्टा, डिझेल फिल्टर, दोन हीटर प्लग, क्लॅम्पसह एक होज, फ्यूज, दोन लिटर कूलंट आणि १७ चा पाना. डिझेल संपून हवा शिरली तर घाबरू नका. फिल्टरवरचा हवा काढायचा ब्लीड स्क्रू सैल करा, फीड पंपाची मूठ फिरवून सोडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत मारत राहा, मग स्क्रू आवळा. तरी चालू होत नसेल तर नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर फिरवा. चारही तोंडांना डिझेल दिसलं की नट आवळा, मूठ परत घट्ट बसवा आणि हीटर देऊन चावी फिरवा.