पाच महिने एलईडी हेडलाइट, आता तीन महिने पुन्हा हॅलोजन

गाडी बारा वर्षांची हॅचबॅक, एच-फोर होल्डर (एकाच बल्बमध्ये वरचा आणि खालचा झोत), मूळचे 60/55 वॅटचे हॅलोजन. दिवाळीआधी अडीच हजारांची एलईडीची जोडी बसवून घेतली. पहिल्या रात्री रस्ता दुधासारखा पांढरा दिसला. तेव्हा लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते.

समोरचे सारखे डिपर मारायचे. मी डिपरवरच, म्हणजे खालच्या झोतावरच असायचो, त्यामुळे त्यांचाच राग यायचा. मार्चमध्ये तासगावकडून येताना समोरून तसाच पांढरा झोत माझ्या डोळ्यांवर आला. दोन सेकंद नुसता अंधार, आणि दिसायला लागलं तेव्हा पुढ्यात उसाची ट्रॉली. ना रिफ्लेक्टर, ना मागचा दिवा. साठच्या वेगाने दोन सेकंदांत गाडी 33 मीटर जाते. थोडक्यात वाचलो.

घरी आल्यावर अंगणात डिपर चालू ठेवला, बायकोला बोनेटशेजारी उभं केलं आणि पंचवीस पावलं लांब जाऊन बघितलं. ती दोन्ही हात हलवत होती म्हणे. मला ती दिसलीच नाही. त्या क्षणी माझं मत बदललं.

कारण साधं आहे. हॅलोजनमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली, म्हणजे पेटणाऱ्या तारेखाली, पत्र्याची छोटी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश हेडलाइटच्या आतल्या चकचकीत रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर जातो. रिफ्लेक्टरची घडणच त्या बारीक तारेच्या जागेवर ठरलेली. एलईडीची चिप त्याच जागी, त्याच मापाची बसली नाही की उजेड वर फाकतो. भिंतीसमोर गाडी लावून बघा: हॅलोजनच्या उजेडाची वरची रेघ स्पष्ट दिसते, डावीकडे जरा वर चढते. माझ्या एलईडीला रेघच नव्हती, नुसता पांढरा धुरळा. बसवणाऱ्याने मात्र ‘फिटिंग ओके’ म्हणून पैसे घेतले. मोटार वाहन नियमांत (1989) तर स्पष्ट लिहिलंय, 8 मीटरवर दीड मीटर उंचीच्या डोळ्याला दिपवेल असा दिवा चालत नाही. दुचाकीवाल्याचा डोळा साधारण तेवढ्याच उंचीवर असतो.

हॅलोजन परत घातले, दोनशेला एक. उजेड कमी पडायचं मूळ दुखणं वेगळंच निघालं: हेडलाइटचं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं. बारीक पॉलिश पेपर आणि रबिंग कंपाउंडने अर्ध्या दिवसात साफ केलं. जूनच्या पावसात ओल्या डांबरावर हा पिवळसर उजेड मला एलईडीपेक्षा जास्त उपयोगी पडला.

आणि स्टिअरिंगच्या उजवीकडची, हेडलाइटचा झोत वर-खाली करणारी ती 0 ते 3 आकड्यांची चकती! बारा वर्षं हात लावला नव्हता. मागे चार माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं असलं की गाडीचं नाक वर उठतं, उजेडही वर जातो. तेव्हा चकती 2 वर घ्या. तुमच्या गाडीत असेल तर आजच फिरवून बघा. फुकट आहे.

एलईडीची जोडी खोक्यात पडून आहे. शेजारच्यांनी त्यांच्या पिकअपसाठी मागितली होती. दिली नाही.