आधी त्याने फी भरली, मग मी फसले

शिष्यवृत्ती देतो म्हणून जो आधी पैसे मागतो तो भामटा, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या नियमावर इतका भरवसा होता की त्यानेच माझा घात केला. माझ्या बाबतीत पैसे आधी त्याने भरले, तेही थेट विद्यापीठात. माझ्याकडे मागितले ते नंतर.

मी तेव्हा परदेशात मास्टर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला होते. देश आणि विद्यापीठ मुद्दाम लिहीत नाही, कारण जिथे फी कार्डाने ऑनलाइन भरता येते तिथे हा प्रकार कुठेही होऊ शकतो. पहिल्या सेमिस्टरची फी घरून व्यवस्थित आली. दुसऱ्याच्या वेळी घरी अडचण निघाली आणि फीच्या साधारण पाव भागाची तूट पडली. बाबांनी फोनवर काही म्हटलं नाही, पण "बघू, करू काहीतरी" हे ते कधी म्हणतात ते मला कळतं. म्हणून मी शिष्यवृत्त्या शोधायला बसले.

खरं सांगायचं तर माझी पहिली चूक इथे झाली. मी फार उशिरा शोधायला बसले. परदेशी शिक्षणासाठीची मोठी मदत बहुतेक निघण्याआधी मागायची असते, आणि मी तिथे पोहोचून, खोली घेऊन, पहिली परीक्षा देऊन जागी झाले होते. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती घ्या: ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे, आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षण झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतायचं असतं. अमेरिकेची फुलब्राइट १९४६ पासून चालू आहे, पण तिचा अर्ज आपापल्या देशातून करायचा. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडसमध्ये दरमहा १४०० युरो मिळतात हे वाचून मी ताठ बसले, आणि पुढच्याच ओळीला खाली बसले, कारण तिथे शिष्यवृत्ती त्यांच्याच ठरावीक अभ्यासक्रमांना प्रवेश घेताना मिळते. जर्मनीत शिष्यवृत्त्या देणाऱ्या 'डाड' (DAAD) या संस्थेच्या बऱ्याच योजनांत अर्ज करताना तिथला मुक्काम १५ महिन्यांपेक्षा जास्त झालेला चालत नाही. अमेरिकेतल्या 'फॅफ्सा' (FAFSA) या सरकारी मदतीच्या अर्जाबद्दल कोणीतरी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं, तर विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना त्यातून केंद्र सरकारची मदत मिळतच नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी ही विद्यापीठं परदेशी मुलांनाही घरची ऐपत न बघता प्रवेश देतात आणि लागेल तेवढी मदत करतात, हे खरंच आहे. पण ते पदवीच्या मुलांसाठी.

रात्री दोनपर्यंत असं एकेक पान बंद करत गेलं की माणूस कसा होतो ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. या काळात दोन भामटे मी स्वतः ओळखले. एकाने "तुमची निवड झाली आहे" म्हणून मेल पाठवला. मी अर्जच केला नव्हता. दुसऱ्याला प्रोसेसिंग फी हवी होती. दोन्ही मेल मैत्रिणीला दाखवून आम्ही हसलो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा लोकांची ठेवणीतली वाक्यं लोकांना सावध करायला दिलेली आहेत: शिष्यवृत्ती नक्की मिळेल, नाहीतर पैसे परत, ही माहिती दुसरीकडे कुठे मिळणार नाही, जागा राखून ठेवायला कार्डाचा नंबर द्या. ती मी वाचली होती. दादाने त्यातलं एकही वाक्य वापरलं नाही.

हो, दादा. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फी भरायच्या आठवड्यात सगळे रडगाणं गात असतात, त्यात मीही एक ओळ टाकली होती. अर्ध्या तासात त्याचा स्वतंत्र मेसेज आला, स्वच्छ मराठीत. "अगं, एवढं टेन्शन नको घेऊ. मीही यातूनच गेलोय." परक्या देशात कोणी "अगं" म्हटलं की मन किती सैल होतं याचा मला तोवर अंदाज नव्हता. चार दिवस त्याने पैशाचा विषयही काढला नाही. कुठल्या विषयाचं काय वाचायचं, थंडीत कोणते बूट घ्यायचे, हेच. पाचव्या दिवशी म्हणाला, एक सेवाभावी संस्था आहे, देणगीदार करबचतीसाठी तिच्यात पैसे टाकतात आणि संस्था परदेशी विद्यार्थ्यांची फी भरते. पूर्ण फी संस्था भरणार, त्यातले ७५ टक्के विद्यार्थ्याने परत द्यायचे, २५ टक्के संस्थेची मदत. माझी तूट जवळपास तेवढीच होती.

मी म्हटलं, आधी पैसे देणार नाही. तो म्हणाला, "आधी मागितलेच कुणी? तुझ्या पोर्टलवर फी भरलेली दिसू दे. आधी बघ, मग दे."

या चार शब्दांवर मी गेले.

त्याने पासवर्ड मागितला नाही, हेही मला सभ्यपणाचं वाटलं. आमच्या पोर्टलवर दुसऱ्या कोणाला आपली फी भरता यावी म्हणून एक लिंक पाठवायची सोय होती, आई-बाबांसाठी असते तशी. ती मी त्याला पाठवली. संध्याकाळी लायब्ररीत बसून मी दर दहा मिनिटांनी पान रिफ्रेश करत होते. सव्वासातला पहिली रक्कम पडली. चार मिनिटांनी दुसरी. मग तिसरी. आणि खाली, जिथे इतके दिवस लाल आकडा होता, तिथे शून्य पूर्णांक शून्य शून्य.

आता त्या तीन ओळी डोळ्यांसमोर आणते तेव्हा सगळं दिसतं. तीनही ओळींपुढे 'कार्ड पेमेंट' लिहिलेलं. कार्डांचे शेवटचे चार आकडे दाखवलेले, आणि तिन्ही वेगळे. रकमाही वेड्यावाकड्या, जणू प्रत्येक कार्डात जितकं निघेल तितकं काढलेलं. संस्था फी भरते तेव्हा ती तीन वेगवेगळ्या लोकांच्या कार्डांनी, चार-चार मिनिटांच्या अंतराने भरते का? हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मी शून्याचा स्क्रीनशॉट काढला आणि बाबांना पाठवला.

त्याच रात्री मी ७५ टक्के पाठवले. खातं संस्थेच्या नावाचं नव्हतं, कोणा एका माणसाचं होतं. विचारलं तर म्हणाला, ट्रस्टींचं आहे, संस्थेच्या खात्यात घेतलं तर पुन्हा कर लागतो. पटलं. शून्य दिसल्यानंतर काहीही पटतं.

दोन दिवसांनी त्याने सुचवलं की आणखी दोन मुलं आणलीस तर तुझे पाच टक्के परत. हे लिहायला जीभ जड होते, पण मी रूममेटला सांगितलं. पाच टक्क्यांसाठी नाही, खरंच तिचं भलं व्हावं म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घालते. तिने मला एवढंच विचारलं, "अवॉर्ड लेटर कुठाय?" म्हणजे मदत मंजूर झाल्याचं पत्र. माझ्याकडे नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी फी ऑफिसला गेली, त्या संस्थेचं नाव सांगितलं. तिथे अशी कोणतीही संस्था नोंदलेली नव्हती. ती घरी येऊन मला म्हणाली आणि मी तिला लॅपटॉप वळवून दाखवला: "हे बघ, शून्यच आहे ना?" भांडणच झालं. पुढचे सतरा दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही, आणि ते सतरा दिवस माझ्या हातात होते.

मग तीन ओळींच्या खाली आणखी तीन ओळी आल्या. त्याच रकमा, पण वजा. मूळ फीचा पूर्ण आकडा परत लाल, वर उशिरा भरल्याचा दंड, आणि रजिस्ट्रेशनवर होल्ड, म्हणजे ते अडवून ठेवलेलं. मी दादाला मेसेज केला. एकच टिक. प्रोफाइलचा फोटो गेलेला.

फी ऑफिसने मला बोलावून घेतलं. तिथल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, ही कार्डं कोणाची? मला एकाही माणसाचं नाव सांगता येईना. ती चोरलेली कार्डं होती. ज्यांची होती त्यांना महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये अनोळखी विद्यापीठाची फी दिसली, त्यांनी आपल्या बँकेला कळवलं, बँकेने पैसे मागे ओढले. चार्जबॅक म्हणतात त्याला. याला काही आठवडे लागू शकतात, आणि दादाचा सगळा धंदा त्या आठवड्यांवर चालतो. चोरलेल्या कार्डावरून रोख काढणं अवघड. पण त्या कार्डाने माझी फी भरायची आणि माझे स्वच्छ पैसे घ्यायचे, म्हणजे चोरीचं कार्ड माझ्या हातून धुऊन निघालं. कार्डवाल्यांना पैसे परत मिळाले. विद्यापीठाची फी माझ्याकडून येणं होतीच. तोटा ज्याच्या पदरी पडला ती मी एकटी. २५ टक्के वाचवायला गेले आणि एका सेमिस्टरची फी मला पावणेदोन पट पडली.

पैशापेक्षा वाईट होतं ते संशयाने बघितलं जाणं. चोरलेल्या कार्डाने भरलेल्या फीचा फायदा कोणाला झाला? कागदावर तरी मलाच. रूममेटला सुचवल्याचं मी आपणहून सांगितलं तेव्हा बाई जरा थांबल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं. त्यात विद्यार्थी व्हिसाची भीती वेगळीच: होल्ड राहिला तर रजिस्ट्रेशन नाही, रजिस्ट्रेशन नाही तर पूर्णवेळ विद्यार्थी नाही, आणि पूर्णवेळ विद्यार्थी नसलेल्याचा व्हिसा किती दिवस टिकणार? इंटरनॅशनल ऑफिसला मी त्याच दुपारी गेले, पोलिसांत तक्रार दिली, बँकेलाही सांगितलं. बँक म्हणाली, पैसे पाठवले त्या दिवशी सांगितलं असतं तर परत मागवायचा प्रयत्न तरी झाला असता. खातं केव्हाच रिकामं झालं होतं.

खरा प्रायोजक फी कशी भरतो ते मला त्या बाईंनीच समजावलं, अगदी पहिलीतल्या मुलीला सांगावं तसं. प्रायोजक आधी विद्यापीठाला पत्र देतो, विद्यापीठ त्याच्या नावाने बिल काढून त्यालाच पाठवतं, आणि विद्यार्थ्याच्या खात्यावर ती रक्कम प्रायोजकाच्या नावाने दिसते. शिष्यवृत्ती किंवा फीमाफीचीही वेगळी ओळ असते. 'कार्ड पेमेंट' म्हणून शिष्यवृत्ती येत नाही. आणि विद्यापीठाने माफ केलेल्या फीतले काही टक्के कोणा तिसऱ्याला नेऊन द्यायला कुणी सांगत नाही.

चिडायला होतं ते याचं, की माझी तूट भरून निघायचे रस्ते त्याच इमारतीत होते. फी हप्त्यांत भरता येते हे मला माहीतच नव्हतं. अर्ज एका पानाचा. अचानक अडचणीत आलेल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचा एक छोटा निधी होता, परदेशी मुलांनाही खुला. तो कुठल्या याद्यांत सापडत नाही, विचारावा लागतो. विभागात पेपर तपासायचं तासांवरचं काम होतं. मास्टर्सला असिस्टंटशिप, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम, सगळ्यांना मिळत नाही, पण ज्यांना मिळते त्यांना बऱ्याच ठिकाणी फीमाफी आणि वर स्टायपेंड असतो, आणि ती देणारे लोक प्राध्यापकच असतात, कुठली संस्था नव्हे. मी रात्री दोनपर्यंत जगभरची पानं उघडत होते आणि विभागाच्या सचिवांच्या दारावर एकदाही टकटक केली नव्हती. नुसत्या नोकरीवर मात्र फी भागेल अशी आशा कोणी ठेवू नका. व्हिसाचे तास मोजून दिलेले असतात: ब्रिटनमध्ये पदवी वा मास्टर्सच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, कॅनडात कॅम्पसबाहेर आठवड्याला २४. त्यात जेवणखाण सुटतं, फी नाही.

मी पाच हप्ते बांधून घेतले. एक त्या निधीतून गेला, दोन घरून आले, उरलेले पेपर तपासून आणि पोटाला चिमटा घेऊन. बाबांना सांगायला मला अकरा दिवस लागले. ते म्हणाले, "तो स्क्रीनशॉट मी काकाला पण पाठवला होता गं." यापलीकडे आजवर काही बोलले नाहीत.

आत्ता तुमच्या पोर्टलवर असंच कोणा दुसऱ्याने आणलेलं शून्य दिसत असेल आणि तुम्ही पैसे अजून दिले नसतील, तर देऊ नका. उद्या सकाळी फी ऑफिसला जाऊन त्या ओळी त्यांना दाखवा आणि माझ्या नव्हेत म्हणून सांगा. दिले असतील तर आधी बँकेला फोन करा, आत्ता, वाचायचं थांबवून. मग पोलीस, मग इंटरनॅशनल ऑफिस. चॅट पुसू नका. आपणहून गेलेल्याशी ते ज्या आवाजात बोलतात आणि बोलावून घेतलेल्याशी ज्या आवाजात बोलतात, त्यातला दुसरा आवाज मी ऐकला आहे.